भाडं भरायचं इथे, ठरायचं तिथे

महानगरापासून तास-सव्वा तासावरच्या एखाद्या मध्यम शहरात भाड्याने घर शोधणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि सगळ्यांचा सल्ला एकच असतो : तिकडे स्वस्त पडेल. मग तो जाहिराती चाळायला बसतो. त्या जाहिरातींमध्ये त्या शहराबद्दल फारसं काही सापडत नाही. शाळा, बाग, ग्रंथालय, शेजार या गोष्टी असल्याच तर कोपऱ्यात. मोठ्या अक्षरात दोनच आकडे असतात. घरापासून स्टेशन किती मिनिटं आणि स्टेशनपासून महानगर किती मिनिटं. आपण नेमकं काय भाड्याने देतोय हे एजंटाला पक्कं ठाऊक असतं. भिंती या शहरातल्या असतात, पण पैसे मोजले जातात ते दुसऱ्या एका शहराच्या जवळ असण्याचे.

आणि तिथेच खरी गोम आहे. या शहरांतलं भाडं वर-खाली करणारे निर्णय शेजारच्या महानगरात होतात. तिथल्या भाडेकायद्याचे, तिथल्या कार्यालयांच्या हजेरीच्या नियमांचे, तिथून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळापत्रकाचे. ज्याच्या खिशातून भाडं जातं त्या माणसाला त्या निर्णयांत मत नसतं. आपण मात्र भाड्याचा प्रश्न एकेका महापालिकेच्या हद्दीत सोडवायला बसतो आणि तो सुटत नाही म्हणून आश्चर्य करतो. जेवढा प्रदेश रोज सकाळी एकत्र कामाला निघतो, तेवढा प्रदेश घरांच्या बाबतीतही एकच धरला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते पटवण्यासाठी आधी त्या 'स्वस्त' शब्दाचा हिशेब मांडायला हवा.

योहान हाइनरिश फॉन ट्युनेन या जर्मन जमीनमालकाने १८२६ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. बाजारपेठेच्या गावापासून शेत जितकं दूर, तितका माल वाहून नेण्याचा खर्च जास्त आणि नेमका तेवढाच त्या जमिनीचा खंड कमी. १९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलॉन्सो यांनी हेच सूत्र शहरांना लावलं. त्यात धान्याच्या गाडीची जागा नोकरदार माणसाने घेतली. शहराच्या मध्यापासून दूर गेलं की घरभाडं उतरतं, पण साधारण प्रवासाचा त्रास आणि खर्च वाढेल तेवढंच. म्हणजे दूरचं भाडं कमी असण्यात कोणाचंही औदार्य नाही. महानगरातल्या भाड्यातून प्रवासाची किंमत वजा केली की जे उरतं ते शेजारच्या शहरातलं भाडं.

त्या वजाबाकीतला मोठा भाग पासाच्या पैशांचा नसतो, वेळेचा असतो. रोज जाऊन-येऊन ३ तास आणि महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले, तर ६६ तास होतात. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने हे आठ दिवसांहून जास्त काम झालं, आणि तेही बिनपगारी. भाड्याच्या पावतीवर ते कुठेच दिसत नाही. घरभाडं उत्पन्नाच्या किती टक्के असावं याची जी सूत्रं सगळीकडे सांगितली जातात त्यांतही हे तास येत नाहीत. त्यामुळे कागदावर उपनगरी शहरातला भाडेकरू सुखी दिसतो. तो घरी पोचतो तेव्हा मुलं झोपलेली असतात, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही.

हे सूत्र उलट बाजूनेही चालतं, हे २०२० नंतर दिसलं. घरून काम सुरू झालं आणि आठवड्याच्या पाच फेऱ्यांच्या दोन-तीन झाल्या. प्रवासाची किंमत घटली की वजा होणारी रक्कम घटते आणि कडेची भाडी वर सरकतात. अर्जुन रामाणी आणि निकोलस ब्लूम या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचा अभ्यास करून हेच मांडलं : दाट मध्यभागातून मागणी ओसरली आणि भोवतीच्या विरळ वस्तीकडे सरकली. भोवतीच्या त्या छोट्या शहरांच्या नगरपालिकांनी यात काहीही केलेलं नव्हतं. एकही रस्ता नवा झाला नव्हता की एकही शाळा सुधारली नव्हती. दुसऱ्या शहरातल्या कंपन्यांनी हजेरीचा नियम बदलला आणि इथल्या भाडेकरूच्या करारावरचा आकडा बदलला. पुढे त्याच कंपन्यांनी माणसांना परत बोलवायला सुरुवात केली, तेव्हा वाढलेलं भाडं भरून शिवाय पाचही दिवस गाडीत उभं राहायची पाळी अनेकांवर आली. भाडं चढताना लवकर चढतं, उतरताना त्याला घाई नसते.

आतापर्यंत मी रोज महानगरात जाणाऱ्याबद्दल बोललो. पण या शहरांत एक दुसरा भाडेकरूही राहतो आणि माझ्या मते अन्याय खरा त्याच्यावर होतो. तो याच शहरात काम करतो. इथल्या दवाखान्यातली परिचारिका, इथल्या शाळेतला शिक्षक, दुकानातला विक्रेता, बसचा चालक. यांना महानगराच्या गाडीशी काही देणं-घेणं नाही. यांचा पगार इथला असतो, म्हणजे महानगरातल्या पगारापेक्षा बराच कमी. घराच्या बोलीत मात्र यांच्या समोर महानगरातला पगार घेणारा माणूस उभा असतो. तो माणूस काही खलनायक नाही. त्यालाही त्याच्याहून जास्त पगारवाल्याने आतून बाहेर ढकललेलं असतं. पण धक्क्यांची ही रांग जिथे संपते तिथे उभा असलेला माणूस कोण, हे पाहिलं पाहिजे. स्टेशन जवळ असण्याची किंमत तो भरतो आणि स्टेशनात पाऊलही टाकत नाही. त्याला परवडेना झालं की तो आणखी दूर जातो आणि मग ज्या शहरात त्याचं काम आधी पायी अंतरावर होतं त्याच शहरात यायला त्याला गाडी पकडावी लागते. शहराला परिचारिका हवी असते, तिला राहायला जागा मात्र शेजारच्या तालुक्यात मिळते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : वाहतूक सुधारा. जलद गाड्या आणा, नवी मार्गिका टाका, माणसं आणखी लांब सुखाने राहतील. वाहतूक सुधारायला विरोध कोण करेल? पण सूत्र पुन्हा लावून पाहा. प्रवासाचा वेळ घटला की दूरच्या घराचं भाडं तेवढंच वाढतं. गाडी सार्वजनिक पैशाने येते, म्हणजे त्यात भाडेकरूचा कर असतो. मग तिच्यामुळे वाढलेलं भाडंही तोच भरतो. एकाच सोयीचे पैसे दोनदा जातात, आणि दुसऱ्या वेळचे जातात ते ज्याने त्या मार्गिकेसाठी काहीही केलेलं नाही अशा माणसाकडे. घरमालकाने चूक केली असं मी म्हणत नाही. बाजारात जे मिळतं ते तो घेतो. पण सरकारने मार्गिका टाकताना हा पैसा कुठे जाणार याचा विचार केला नाही, तर ती चूक सरकारची आहे.

लंडनची एलिझाबेथ लाइन ही रेल्वे मार्गिका याचं नमुनेदार उदाहरण आहे. ती २४ मे २०२२ रोजी सुरू झाली. तिचं पश्चिमेकडचं टोक रेडिंग. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपासून सुमारे ५८ किलोमीटरवरचं, स्वतःचं विद्यापीठ आणि उद्योग असलेलं, मध्यम आकाराचं शहर. (रेडिंगहून पॅडिंग्टनला त्याआधीपासूनच अर्ध्या तासाच्या आत पोचवणाऱ्या गाड्या होत्या आणि नवी गाडी त्यांच्यापेक्षा सावकाश जाते. तिचा गुण असा की ती थेट लंडनच्या पोटातून पलीकडे नेते.) या मार्गिकेच्या खर्चासाठी लंडनच्या हद्दीतल्या मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर २०१० पासून जादा कर बसवला गेला आणि २०१२ पासून नव्या बांधकामांवर शुल्क लागू झालं. मार्गिकेमुळे ज्यांच्या जागेला भाव येणार त्यांनी थोडा वाटा उचलावा, हा विचार अगदी योग्य होता. पण तो कर लंडनच्या सीमेवर थांबला. गाडी मात्र थांबली नाही. सीमेपलीकडच्या जागामालकांना सोय मिळाली आणि वाटा उचलावा लागला नाही. प्रशासनाच्या नकाशावरची रेघ आणि लोकांच्या रोजच्या येण्या-जाण्याची रेघ वेगवेगळी असली की असंच होतं.

रेल्वेमुळे वाढणारी जमिनीची किंमत रेल्वेनेच वसूल करायची, ही कल्पना काही नवी नाही. जपानमध्ये उद्योजक कोबायाशी इचिझो यांनी १९१० साली ओसाकाहून निघणारी रेल्वे सुरू केली, तेव्हा वाटेतल्या जमिनी कंपनीने आधीच घेऊन ठेवल्या होत्या आणि इकेदाला घरं बांधून ती हप्त्यांवर विकली. प्रवासीही आपले आणि रहिवासीही आपलेच. हाँगकाँगची मेट्रो स्टेशनांवरच्या आणि आसपासच्या बांधकामातून आपला मोठा खर्च भागवत आली आहे. या दोन्ही व्यवस्थांत भाडेकरूचं भलं आपोआप झालं असं नाही. हाँगकाँगचं नाव तर घरांच्या महागाईसाठीच घेतलं जातं. मुद्दा एवढाच की वाढीव किंमत पकडता येते. ती पकडून तिचं काय करायचं, हा निर्णय राजकीय आहे. माझ्या मते त्यातला ठरावीक भाग त्याच स्टेशनांभोवती भाड्याच्या घरांसाठी, आणि त्यातही स्थानिक पगारावर जगणाऱ्यांच्या घरांसाठी, राखून ठेवला पाहिजे.

आता भाडं थेट कायद्याने रोखण्याचा प्रश्न. इथे बर्लिन आणि पॉट्सडॅम या जोडीकडे बघण्यासारखं आहे. पॉट्सडॅम बर्लिनला अगदी खेटून असलं तरी ते दुसऱ्या राज्यात, ब्रँडेनबुर्गमध्ये येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिन राज्याने भाडी गोठवणारा कायदा लागू केला. २०१४ पूर्वी बांधलेली सुमारे १५ लाख घरं त्याखाली आली. जिथे कायदा लागू होता तिथली भाडी खरोखरच उतरली. त्याच वेळी भाड्याने द्यायला काढलेल्या घरांच्या जाहिराती निम्म्याहून कमी झाल्या, कारण मालक घरं विकायला किंवा रिकामी ठेवायला लागले. आणि ज्यांना बर्लिनमध्ये घर मिळेना त्यांनी शोध कुठे घेतला? जर्मन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं की पॉट्सडॅमसारख्या शेजारच्या शहरांतली भाडी या काळात चढली. बर्लिनच्या आमदारांनी बर्लिनच्या मतदारांसाठी केलेल्या कायद्याचं बिल पॉट्सडॅमच्या भाडेकरूकडे गेलं आणि त्याला त्यावर बोलण्याचीही सोय नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. भाड्यावरचा कायदा संघराज्याने आधीच केलेला आहे, त्यात राज्याला हात घालता येणार नाही, असं कारण दिलं. न्यायालयापुढचा प्रश्न अधिकाराचा होता, पॉट्सडॅमचा नव्हता. पण कायदा कोणत्या पातळीवर व्हायला हवा, या प्रश्नाला त्या निकालाने नकळत हात घातला.

या उदाहरणाचा फायदा घेऊन भाडेनियंत्रण म्हणजे मूर्खपणा असं सांगणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू केलं. त्याचा अर्थशास्त्रज्ञ रिबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दोन्ही बाजूंचे लोक उद्धृत करतात, फक्त आपापल्या सोयीचं पान उघडून. एका पानावर लिहिलंय की संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच घरात टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या पानावर लिहिलंय की त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली आणि त्यामुळे शहरभरची भाडी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. दोन्ही पानं एकत्र वाचली तर एक वेगळी गोष्ट हाती लागते. भाडेकरूला त्या कायद्यातून जे मोलाचं मिळालं ते म्हणजे टिकून राहणं. आणि नुकसान झालं ते मालकाला घर भाड्याच्या बाजारातून काढून घेण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्यामुळे.

महानगराशेजारच्या शहरात या टिकून राहण्याचं मोल आणखी जास्त आहे. तिथल्या भाड्याला धक्के बाहेरून बसतात, अचानक बसतात आणि भाडेकरूच्या वागण्याशी त्यांचा संबंध नसतो. मार्गिकेची घोषणा होते, महानगरात एखादा कायदा होतो, मोठी कंपनी आपलं कार्यालय हलवते, आणि करार संपायला दोन महिने असताना मालकाचा फोन येतो. अशा वेळी भाडं थोडं वाढलं तर भाडेकरू कसंबसं निभावतो. घर बदलणं त्याला जास्त महागात पडतं. नवं डिपॉझिट, एजंटची दलाली, सामानाची वाहतूक, मुलांची शाळा, रजा. छोट्या मुदतीचा करार असेल तर हे सगळं पुन्हा पुन्हा. आणि ही भीती मालकालाही माहीत असते. 'पटत नसेल तर सोडा' हे वाक्य म्हणूनच एवढं ताकदीचं असतं. सोडण्याचा खर्च जेवढा, तेवढी जादा भाडेवाढ भाडेकरू मुकाट सोसतो. माझ्या दृष्टीने छोट्या मुदतीचा करार ही स्वतःच एक लपलेली भाडेवाढ आहे.

म्हणून मी आग्रह धरेन तो बेमुदत कराराचा, आणि चालू करारातली वाढ बांधून घालण्याचा. नवा भाडेकरू येईल तेव्हाचं भाडं बाजारावर सोडावं, पण तो राहत असताना त्याला भाडेवाढीच्या नावाखाली हुसकून लावता येऊ नये. जर्मनीत बेमुदत करार ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे चालू करारातलं भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि घरांची टंचाई असलेल्या भागांत ही मर्यादा १५ टक्क्यांवर आणता येते. स्कॉटलंडने डिसेंबर २०१७ पासून नव्या खासगी करारांची मुदतच काढून टाकली. इंग्लंडने २०२५ च्या कायद्याने कारण न देता घर खाली करून घेण्याची तरतूद रद्द केली. दलालीबद्दल जर्मनीने २०१५ मध्ये केलेला नियम मला फार आवडतो : एजंटला ज्याने बोलावलं त्याने त्याचे पैसे द्यावेत. इतकी उघड गोष्ट कायद्यात लिहावी लागली, यावरूनच भाड्याच्या बाजारात सौदा कोणाच्या बाजूने झुकलेला असतो ते कळतं.

यात धोका आहे, आणि तो स्कॉटलंडमध्येच दिसला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने चालू करारातली भाडेवाढ आधी पूर्ण रोखली, नंतर ३ टक्क्यांवर बांधली. नव्या भाडेकरूंसाठीची भाडी मात्र त्या काळात वेगाने चढली. पुढे वाढवता येणार नाही म्हटल्यावर मालक सुरुवातीलाच जास्त मागतो, हे समजण्यासारखं आहे. म्हणून मर्यादा महागाईच्या जवळपास असावी, शून्यावर नसावी. शून्य टक्क्यांची घोषणा टाळ्या मिळवते आणि पुढच्या भाडेकरूचा गळा धरते. एकच घर असलेल्या, त्याच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मालकाची अडचणही खोटी नाही. पण त्याला खरी भीती भाडं बुडण्याची आणि घर अडकून पडण्याची असते. भाडं थकवणाऱ्याविरुद्ध लवकर निकाल देणारी यंत्रणा असेल, तर प्रामाणिक भाडेकरूला बेमुदत करार देण्यात त्याचं काही बिघडत नाही. आज दोघांनाही तारखांवर तारखा मिळतात आणि त्याचा राग ते एकमेकांवर काढतात.

संरक्षण कितीही दिलं तरी घरंच कमी असतील तर ते आधीच आत बसलेल्यांपुरतं राहतं. घरं बांधायला हवीत, आणि कुठे बांधायची हा प्रश्न आला की प्रत्येक शहर शेजाऱ्याकडे बोट दाखवतं. महानगर म्हणतं जागा नाही. शेजारचं शहर म्हणतं, तुमच्या कामगारांची घरं आम्ही का बांधायची? अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या माउंट लॉरेल या फिलाडेल्फियाजवळच्या गावाने जमीनवापराचे नियम असे केले होते की कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असं घर तिथे उभंच राहू नये. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विकसित होत असलेल्या प्रत्येक गावाने प्रदेशाच्या गरजेतला आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. त्या निकालातला 'प्रदेश' हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १९८५ च्या कायद्याने श्रीमंत गावांना एक पळवाट मिळाली. आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंतची घरं पैसे देऊन दुसऱ्या शहराच्या गळ्यात घालता येत होती आणि ती घेणारी बहुतेक शहरं आधीच गरीब होती. ही पळवाट बंद व्हायला २००८ साल उजाडलं. वाटा पैशात रूपांतरित करण्याची मुभा दिली की काय होतं, ते यावरून शिकावं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने दुसरा रस्ता धरला. २०१० मध्ये तिथल्या प्रादेशिक परिषदेसह महानगर आणि भोवतालच्या सगळ्या स्थानिक परिषदा मोडून एकच परिषद केली गेली. २०१६ मध्ये तिने संपूर्ण प्रदेशाचा एक आराखडा लागू केला आणि राहत्या वस्तीच्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर आधीपेक्षा दाट बांधकामाला परवानगी दिली. त्यानंतरच्या काही वर्षांत बांधकाम परवाने दुपटीहून अधिक झाले. हा बदल झाला नसता तर भाडी आजच्यापेक्षा बरीच जास्त असती, असा ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांचा अंदाज आहे. त्या अंदाजावर इतर अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. शेजाऱ्याकडे बोट दाखवायला शेजारीच उरला नाही, तेव्हा कुठे आराखडा पुढे सरकला.

सगळी शहरं अशी एका परिषदेत विरघळवावीत असं मला वाटत नाही. मध्यम शहराला स्वतःचा स्वभाव असतो, इतिहास असतो, आणि 'आमचं शहर महानगराचं शयनगृह होईल' ही तिथल्या जुन्या रहिवाशांची भीती पोकळ नाही. नवी माणसं येतात ती रात्री झोपायला. पाणी, कचरा, शाळा आणि दवाखान्यांचा भार इथे पडतो. कार्यालयं आणि दुकानं मात्र महानगरात असतात, त्यामुळे व्यावसायिक मालमत्तेचा कर तिकडे जातो. घरं बांधायला नगरपालिका नाखूश असते यामागे हा साधा हिशेब आहे आणि त्याला संकुचितपणा म्हणून हिणवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. यावर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये एक कायदा केला. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल यांच्या परिसरात त्या वर्षानंतर व्यावसायिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग एका सामाईक खात्यात जातो आणि लोकसंख्या व गरज पाहून सगळ्या गावांत वाटला जातो. कार्यालय कुठेही उभं राहो, त्याचा थोडा फायदा तिथे काम करणारा जिथे झोपतो त्या गावालाही मिळतो. हा कायदा पन्नासहून अधिक वर्षं टिकला आहे. न्यायालयात आव्हानं झाली, राजकीय कुरबुरी झाल्या, तरी टिकला. इतर महानगरांनी त्याची नक्कल फारशी केली नाही यात नवल नाही. ज्याच्या तिजोरीत पैसा पडतो तो वाटणीचा प्रस्ताव आपणहून मांडत नसतो.

आणि मांडायला लावणारं कोणी असावं लागतं. भाडेकरू हा राजकारणात दुबळा असतो, कारण तो हलता असतो. त्यातही महानगरात रोज जाणारा भाडेकरू दिवसभर शहरात नसतो. सभेला नसतो, सुनावणीला नसतो, नगरसेवकाला भेटायच्या वेळेत गाडीत असतो. अनेकांचं नाव मतदार यादीत अजून जुन्याच पत्त्यावर असतं. वर म्हटलेला बेमुदत करार मला म्हणूनही हवा आहे. पाच-दहा वर्षं एका ठिकाणी टिकलेला भाडेकरू हळूहळू नागरिक होतो, तक्रार करतो, मत देतो. पण तेवढं पुरणार नाही. महानगराच्या वाहतूक प्राधिकरणात गाडी ज्या शहरांपर्यंत जाते त्या सगळ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. आणि भाड्याचे नियम राज्याने किंवा देशाने करावेत, एकट्या महानगराने नाही, म्हणजे पुढच्या वेळी आणखी एखाद्या शहराचं पॉट्सडॅम होणार नाही.

यात वेळेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मार्गिकेमुळे जमिनीचे भाव चढायला गाडी सुरू व्हावी लागत नाही. घोषणा पुरते, कधी कधी अफवाही पुरते. स्टेशनाचं उद्घाटन होईपर्यंत जागा हातोहात फिरून झालेल्या असतात आणि मग परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी जमीन शोधणारी नगरपालिका त्याच चढ्या भावाला सामोरी जाते. जर्मनीच्या बांधकाम कायद्यात यावर एक हत्यार आहे : एखादा भाग नगरविकासासाठी जाहीर केला की तिथली जमीन नगरपालिकेला अशा किमतीला घेता येते, ज्यात विकासाच्या अपेक्षेने फुगलेला भाव धरला जात नाही. म्हणून क्रम बदलला पाहिजे. मार्गिकेला पैसा मंजूर करण्याच्या ठरावातच तिच्या प्रत्येक स्टेशनाभोवती भाड्याच्या घरांसाठी किती जमीन, कोणत्या तारखेच्या भावाने आणि कोणाच्या ताब्यात जाईल हे लिहिलेलं असावं. ज्या शहराला हे मान्य नसेल, त्याचं स्टेशन पुढच्या टप्प्यात.